अपस्मार असलेल्या मुलाला घेऊन परदेशी जाताना

आपल्या सहा वर्षांच्या मुलाला अपस्मार आहे, औषधांनी झटके आटोक्यात आहेत, आणि परदेशी गेल्यावर मुलांचे न्यूरॉलॉजिस्ट (मेंदू व मज्जासंस्थेचे तज्ज्ञ) लगेच भेटतील का, असे आपण विचारले आहे. माझी मुलगी चार वर्षांची असताना तिचा हाच आजार सोबत घेऊन आम्ही देश सोडला. तज्ज्ञ चांगले मिळतात. त्यांच्यापर्यंत पोहोचणे मात्र अवघड असते, आणि त्याची बरीचशी तयारी निघण्यापूर्वीच करावी लागते.

आधी व्हिसाचे पाहावे. ऑस्ट्रेलियाच्या बहुतेक व्हिसांमध्ये कुटुंबातील एक जण आरोग्याच्या अटीत बसला नाही, तर सगळ्यांचाच अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून आजार मुळीच न लपवता, नोकरीला होकार कळवण्यापूर्वी नियम तपासावेत. अमेरिकेत 2010 च्या कायद्यामुळे जुन्या आजाराचे कारण देऊन मुलाला नियमित आरोग्यविमा नाकारता येत नाही, परंतु हवे ते डॉक्टर विमा कंपनीच्या यादीत आहेत का आणि एमआरआयसारख्या तपासणीला पूर्वपरवानगी लागते का, हे विचारून घ्यावे.

ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये फॅमिली डॉक्टरांच्या पत्राशिवाय सहसा तज्ज्ञांची वेळ मिळत नाही. अशाच व्यवस्थेत आम्हाला ठेच लागली. पहिल्या भेटीत आम्ही ‘अधूनमधून फिट येते’ एवढेच सांगितले, पत्रातही तेवढेच उतरले, आणि मुलीचे नाव सर्वांत लांब रांगेत गेले. पुढच्या वेळी प्रत्येक झटक्याची तारीख, वेळ, तो किती सेकंद टिकला आणि आधी कोणता हात आखडला, हे लिहिलेली वही नेली व मोबाइलवरचे चित्रण दाखवले. ते पाहताच डॉक्टरांनी पत्र नव्याने लिहिले आणि तारीख बरीच अलीकडे आली. त्यानंतर आम्ही घर बदलले. नवा पत्ता कळवूनही रुग्णालयाचे पत्र जुन्या घरी गेले, भेट चुकली, आणि आम्हीच आलो नाही असे ठरवून प्रकरण बंद करण्यात आले. तो संताप अजून ओसरलेला नाही. आपण दर पंधरा दिवसांनी फोन करून आपले नाव यादीत आहे ना, याची खात्री करावी.

औषधाबाबत ‘सकाळ-संध्याकाळ पाच मिली’ असे कधीही सांगू नये. व्हॅल्प्रोएट या झटके रोखणाऱ्या औषधाच्या 5 मिली सिरपमध्ये काही देशांत 200, तर अमेरिकेत 250 मिलिग्रॅम औषध असते. त्यामुळे सध्याच्या डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव, मिलिग्रॅममधील मात्रा आणि मुलाचे वजन असलेले इंग्रजी पत्र घ्यावे. क्लोबाझाम हे झटक्यांवरचे औषध चालू असेल, तर ते अनेक देशांत नियंत्रित औषधांमध्ये मोडते, हे लक्षात ठेवून ते नेण्याचे नियम आधीच पाहावेत. ईईजीच्या (मेंदूतील विद्युत लहरींच्या तपासणीच्या) केवळ अहवालावर समाधान मानू नका, मूळ नोंदही मागून घ्या.

रांगेत असताना झटका पाच मिनिटांहून लांबला, तर कोणाच्याही पत्राची वाट न पाहता तातडीच्या सेवेला फोन करावा. आणि पहिली भेट प्रत्यक्ष होईपर्यंत आताच्या डॉक्टरांशी संपर्क तोडू नये. आमच्या मुलीची मात्रा वजनानुसार वाढवायची वेळ त्या मधल्या काळातच आली होती.