यीस्टची ‘वाढ’ की ‘वृद्धी’?

परळच्या एका ताई यीस्टवर मराठीत लेख लिहीत आहेत. भोवती अन्न किती आहे हे ओळखून पेशी आपली ‘ग्रोथ’ कशी आवरते किंवा मोकळी सोडते, हा विषय. त्यांनी मसुद्यात ‘वाढ’ लिहिलं होतं, ते खोडून कुणीतरी ‘वृद्धी’ केलं. ‘वाढ’ फार घरगुती वाटतो म्हणे. शिवाय ‘न्यूट्रिअंट सेन्सिंग’ला ‘पोषक-संवेदना’ चालेल का, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, ‘वाढ’ परत घाला. घरगुती आहे म्हणूनच घाला.

मूल वाढतं आणि आई पानात वाढते. क्रियापद एकच, संस्कृत ‘वृध्’पासून आलेलं. हिंदीत ‘बढ़ना’ वेगळं, ‘परोसना’ वेगळं. गुजरातीत ‘वधवुं’ आणि ‘पीरसवुं’. आपल्याकडे मात्र पानात पडणारा भात आणि अंगी लागणारं बळ एकाच शब्दात राहतात. यीस्टच्या पेशीचं सगळं गणित याच दोन अर्थांच्या मध्ये आहे: पान वाढलेलं असेल तर वाढायचं, नसेल तर थांबायचं.

हे पान बघायचं काम करणाऱ्यांतलं मुख्य प्रथिन म्हणजे ‘टॉर’. त्याचं नाव फार लांबून आलंय. ईस्टर बेटाला तिथले लोक रापा नुई म्हणतात. 1964च्या एका मोहिमेत तिथली माती कॅनडात आली आणि त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलच्या प्रयोगशाळेत सुरेंद्रनाथ सेहगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळं केलं. बेटावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. यीस्टला ते दिलं की वाढ थांबते. पण ते नेमकं कशावर घाव घालतं, हे 1991मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला जोसेफ हाइटमन, राव मोव्वा आणि मायकेल हॉल यांनी यीस्टमध्येच शोधून काढलं. ‘टॉर’ म्हणजे रापामायसिनचं लक्ष्य, एवढाच त्या नावाचा अर्थ.

अमिनो आम्लं, म्हणजे नत्राचा पुरवठा, भरपूर असला की टॉर जागं असतं. पेशी रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारे कारखाने, बांधत सुटते, प्रथिनं करते, अंगाने भरते. पुरवठा आटला की टॉर शांत होतं. पेशी मरत नाही. नवं बांधकाम बंद करते आणि आपलेच जुने भाग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या एका पिशवीत, नेऊन मोडते, त्यातून निघेल त्यावर दिवस काढते. घरातलं किडूकमिडूक मोडून चूल पेटती ठेवावी तसं. या स्वभक्षणाचा उलगडाही यीस्टमध्येच झाला आणि योशिनोरी ओसुमींना त्यासाठी 2016चं नोबेल मिळालं. साखरेची खबर पेशीला मुख्यतः दुसऱ्या वाटेने, ‘रास’ आणि ‘पीकेए’ या प्रथिनांमार्फत पोचते; लेखात तिला निदान एक परिच्छेद द्या.

आता ‘वृद्धी’. हा शब्द टाकू नका, दुसऱ्या कामाला लावा. घरात मूल जन्मलं की ‘आम्हाला वृद्धी आहे’ म्हणतात. म्हणजे एका माणसाची उंची वाढली नाही, घरात माणूस वाढलं. यीस्टच्या अंगावर कळी धरते, मोठी होते, सुटी होते, एकीच्या दोन पेशी होतात; ती वृद्धी. हा भेद मी ओढूनताणून आणत नाहीये. लेलंड हार्टवेल यांनी शोधलेल्या काही उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेल्या, यीस्टमध्ये तापमान चढवलं की विभाजन अडतं, पण पेशी अंगाने वाढतच राहतात. उलट अन्न तोडून वाढ थांबवली की विभाजनही थांबतं. म्हणजे वाढ आधी, वृद्धी तिच्या मागून. इंग्रजीत दोन्हींना सर्रास ‘ग्रोथ’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. मराठीत दोन शब्द तयार असताना आपण तो गोंधळ का उचलायचा?

‘फुगणं’ही वेगळं ठेवा. माझ्या गिरगावच्या ओट्यावर मी पावासाठी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि सुकं यीस्ट घालून पेला झाकून ठेवते. दहा मिनिटांत तपकिरी दाण्यांवर दाट, मऊ फेस चढतो, बोटाने दाबला की बारीक चरचरतो. त्याला ‘यीस्ट वाढलं’ म्हणतात, पण तो नुसता वायू. सगळं मनासारखं मिळालं तरी यीस्टला एकाचे दोन व्हायला दीडेक तास लागतो. पीठ फुगतं, यीस्ट वाढतं. (‘वाढवणं’ मात्र जपून वापरा. प्रयोगशाळेत यीस्ट वाढवतात ते ठीक, पण नारळ वाढवतात तेव्हा तो फुटतो.)

राहिली ‘संवेदना’. शोकसंदेशांनी हा शब्द इतका ओला झालाय की पेशीला वाईट वाटतंय असा भास होतो. मी ‘वेध’ सुचवेन. पावसाळ्यात अख्खी मुंबई कुलाबा वेधशाळा काय म्हणते ते विचारते, त्यामुळे हवेचा वेध घेणं सगळ्यांच्या कानावरचं आहे. आणि ग्रहणाचे वेध लागले की पुष्कळ घरांत चूल थांबते. बाहेरचं ओळखायचं आणि त्यावरून आतलं काम थांबवायचं, दोन्ही या एका शब्दात आलं. ‘पोषकवेध’ असा समास सहज होतो, ‘सिग्नलिंग पाथवे’ला ‘संदेशमार्ग’ आहेच. तुमचं पहिलं वाक्य मी असं लिहिलं असतं: ‘यीस्टची पेशी पोषकांचा वेध घेते, ती खबर संदेशमार्गांनी आत पोचते, आणि वाढायचं की थांबायचं हे त्यावरून ठरतं.’