आधी १९३०, मग काय ती बोलणी

"मॅडम, पोरगं कॉम्प्युटरवर काय करतंय ते माझ्या फोनवर दिसलं पाहिजे. असं काही असतं का?" हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येणारे पालक खुर्चीत नीट टेकायच्या आधी हे विचारतात. असतं, असं मी सांगते. पण ते बसवल्याने घर सुरक्षित होतं का, याबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. ते का, हे एका घराच्या हकिकतीतून सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कुटुंब सोलापूरच्या पूर्व भागातलं. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वडिलांचा टॉवेलचा छोटा कारखाना, धाकट्या भावाबरोबर भागीत. घरी एकच कॉम्प्युटर. दिवसा त्यावर जीएसटीची बिलं, संध्याकाळी मुलीचे कॉलेजचे फॉर्म, रात्री नववीतल्या मुलाचे गेम. सगळ्यांचं खातं एकच, आणि त्याला पासवर्ड नाही.

वडिलांची तक्रार सरळ होती. मुलाने फुकटचा गेम टाकला, त्यातून व्हायरस शिरला आणि बँकेतले पैसे गेले. सूत उचलायला ठेवलेले पैसे. तेव्हापासून ते कारखान्यात जाताना वायफायचा राऊटर डब्याच्या पिशवीत घालून बरोबर न्यायचे. मुलगी फॉर्म भरायला मैत्रिणीकडे जायची. मुलाने तर जेवताना बोलणंही सोडलं होतं. आई त्याच्या काळजीने आली होती, वडील सॉफ्टवेअरचं नाव विचारायला.

मुलाशी एकट्याशी बोलले. पहिल्यांदा तो नुसता नखं कुरतडत बसला. मग गेमचं विचारलं तेव्हा लपवाछपवी न करता सांगितलं. क्रॅक केलेला, म्हणजे विकतचा असून कुलूप तोडून फुकट वाटलेला गेम होता. व्हिडिओत सांगितलं होतं, टाकायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा, म्हणून याने तो बंद केला. नंतर चालू करायचा राहिला. "पण बँकेचं मी काय केलं नाही मॅडम. त्या दिवशी पप्पाच कॉम्प्युटरवर बसले होते. फोनवर कुणाला तरी 'सर, सर' म्हणत होते. पप्पा कुणाला सर म्हणत नाहीत की."

मुलाने विश्वासाने सांगितलेलं मी वडिलांना जाऊन सांगणार नव्हतेच. पुढच्या भेटीत वडिलांना एकट्याला बसवलं आणि एवढंच म्हटलं, पैसे गेले त्या दिवशी सकाळपासून तुम्ही काय काय केलंत, ते क्रमाने सांगा. आधी ते गेमवरच अडून राहिले. मग हळूहळू बाहेर आलं.

मोबाइलवर मेसेज आला होता: मागचं बिल भरलेलं दिसत नाही, आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा तोडला जाईल, या अधिकाऱ्याशी बोला. खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर. अशा मेसेजांनी महाराष्ट्रात कितीतरी लोकांना गंडवलं आहे, आणि असे मेसेज आम्ही पाठवत नाही असं महावितरणही लोकांना सांगत आलं आहे. पण ज्याचे माग विजेवर चालतात त्याच्या पोटात गोळा येणारच. रात्रपाळी बुडाली तर ऑर्डर बुडाली. त्यांनी फोन लावला. समोरचा गोड बोलला, म्हणाला, नोंद अपडेट करायला फक्त दहा रुपये भरा, अडचण येत असेल तर मी इथून मदत करतो. कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम डाउनलोड करायला लावला. तो असतो दुरून दुसऱ्याची स्क्रीन बघायला आणि चालवायला. कंपन्यांमधले तंत्रज्ञ तो रोज वापरतात, त्यात व्हायरस काही नाही. वडिलांनी बँकेचं पान उघडलं, पासवर्ड टाकला, फोनवर आलेला ओटीपी वाचून दाखवला. मध्येच स्क्रीन काळी झाली. "सर्व्हर स्लो आहे, फोन ठेवू नका." स्क्रीन परत आली तेव्हा दोन वेळा मिळून खातं जवळजवळ रिकामं झालं होतं.

म्हणजे गेमचा या पैशांशी संबंध नव्हता. वडिलांना ते पहिल्या तासातच उमगलं होतं. पण धाकट्या भावाला काय तोंड दाखवू, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी बँकेत जाऊन नेटबँकिंग बंद केलं, आणि व्हायरस आला होता एवढंच सांगितलं. तक्रार कुठेच नाही. मुलाचा गेम आयताच हाताशी होता.

मला त्यांचा राग आला नाही, हे खरं सांगते. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा, पाच-दहा कामगारांचा पगार वेळेवर देणारा माणूस असा फसतो तेव्हा पैशापेक्षा अब्रूचं त्याला जास्त लागतं. आणि फसवणारा अकलेची परीक्षा घेत नाही. तो घाई करतो आणि भीती घालतो. वकील, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी 'डिजिटल अरेस्ट'च्या, म्हणजे खोट्या पोलिसाने फोनवरून केलेल्या अटकेच्या नावाखाली तासन् तास व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिले आहेत. कायद्यात तसली अटक नाहीच, तरीही.

"घरात सांगायलाच पाहिजे का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा, आधी फोन लावा. माझ्या खोलीतूनच त्यांनी १९३० ला फोन केला. ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन. बँकेचं नाव, रक्कम, व्यवहाराचा नंबर आणि वेळ एवढं विचारतात, म्हणून पासबुक किंवा बँकेचे मेसेज समोर ठेवावेत. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी अर्ज. चोरीचा पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या भाड्याच्या (भलत्याच कुणाच्या नावावरच्या) खात्यात उड्या मारत जातो आणि शेवटी रोख निघतो. निघायच्या आधी तो अडवता येतो. यांच्या बाबतीत बरंचसं पुढे सरकलं होतं. एका खात्यात थोडी रक्कम सापडली, ती गोठवली गेली. पहिल्याच तासात फोन गेला असता तर जास्त हाती लागण्याची शक्यता होती, हे मी त्यांना सांगितलं. गोड बोलून काय उपयोग?

आणखी एक, जे फार थोड्यांना ठाऊक असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतरही पैसे गेले तर ते बँकेचं. त्यामुळे लाजेने गप्प बसलेला प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

घरात कधी सांगायचं ते त्यांनीच ठरवलं. पुढच्या भेटीला चौघेही आले आणि ते मुलाकडे बघून तेलुगूत बोलले. मला कामापुरतं कळतं. गेम तुझा होता, पण फसलो मी, असं. मुलगा म्हणाला, "माहीत होतं पप्पा." मग बराच वेळ मुलगीच रडत होती, का ते तिलाही सांगता येईना.

आता कॉम्प्युटरचं. पैसे गेमने गेले नव्हते म्हणून गेम निर्दोष ठरत नाही. अशा क्रॅकमधून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम येतात, आणि या घरात बँकेचा पासवर्डसुद्धा ब्राउझरमध्येच होता. म्हणून पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलायला सांगितले. बिलांच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन डिस्क काढून कपाटात ठेवली, आणि विंडोज पुसून नव्याने टाकलं. जुनं विंडोज १० होतं, त्याला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. मशीनला झेपत होतं म्हणून विंडोज ११ बसलं. प्रत्येकाचं खातं वेगळं, सगळी साधी. बहुतेक नवे प्रोग्राम टाकायचे तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो आणि तो मुलीकडे. वडिलांनासुद्धा तिलाच विचारावं लागतं. हे त्यांना पहिल्यांदा रुचलं नाही. दुरून स्क्रीन चालवणारे काही प्रोग्राम या पासवर्डाशिवायही चालतात, पण त्या दिवशी आधी मुलीला विचारायची सवय असती तर तो 'सर' कदाचित दारातच अडला असता.

आणि नजर ठेवायचं सॉफ्टवेअर? लहान मुलांना बंधनं हवीत, तीही उघडपणे, सांगून. नववीतल्या मुलावर चोरून पाळत ठेवली तर तो दुसरीकडे जातो, आणि चोरून बघायची असली सॉफ्टवेअर स्वतःच अनेकदा घरातली माहिती बाहेर नेतात. उद्या कुणी त्याचा फोटो बदलून धमकी दिली, तर रात्री दोनला तो कुणाला उठवेल? वडिलांना उठवायची त्याची छाती झाली पाहिजे. वडील चिडले तर तो धमकी देणाऱ्याचंच ऐकेल. म्हणून या घराने एकच नियम कपाटाच्या दाराला आतून चिकटवला: आधी १९३०, मग काय ती बोलणी. वाक्य मुलाचं. 'बोलणी' हा शब्द खोडावा असं वडिलांना वाटत होतं, आईने खोडू दिला नाही.

सगळं ठरल्यावर मी आईला विचारलं, तुमचं काही राहिलं का? तोवर तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती शेंगाचटणीच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर घेते. म्हणाली, मागच्या महिन्यात एका अनोळखी नंबरवरून लग्नपत्रिका आली होती, उघडली, पण पत्रिका काही दिसली नाही. "यांना सांगितलं नाही. आधीच घरात एवढं चाललेलं."

मुलाने तिथेच तिचा फोन घेतला. पत्रिका नव्हतीच, एपीके फाइल होती, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी. डाउनलोड झालेली, पण अनोळखी अ‍ॅपची परवानगी कुणी दिली नव्हती म्हणून बसलेली नव्हती. त्याने फाइल पुसली, तो नंबर ब्लॉक केला, आणि आणखी काही आलंय का बघायला खाली खाली सरकवत राहिला. वडील त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते आणि मध्ये मध्ये विचारत होते, "हे काय आहे? आणि हे?"