कॉम्प्युटरसाठी ६५० वॅटचा फुल-मॉड्युलर (सगळ्या केबल सुट्या असलेला) पॉवर सप्लाय घेऊ का? जादा पैसे वसूल होतील का?

मॉड्युलर म्हणजे फक्त केबल सुट्या. त्याने वीज काही जास्त चांगली मिळत नाही, कॅबिनेटमधला गुंता तेवढा कमी होतो. मदरबोर्डची २४ पिनची आणि प्रोसेसरची केबल लावावीच लागते, त्यामुळे या केबल पक्क्या आणि बाकीच्या सुट्या असलेला सेमी-मॉड्युलर मला पुरेसा वाटतो. वाचलेले पैसे चांगल्या दर्जाच्या युनिटवर घाला.

आधी डब्यावरचा तक्ता बघा. १२ व्होल्टच्या रेलवर (म्हणजे वीज देणाऱ्या लाइनवर) ५४ अँपिअरच्या आसपास आकडा असेल तर ६५० वॅट खरे. ४०-४२ दिसले तर ‘६५०’ नुसता स्टिकर समजा. ‘८० प्लस गोल्ड’ या प्रमाणपत्राचा अर्थ ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडवर ९० टक्के कार्यक्षमता, इतकाच. व्होल्टेज किती स्थिर राहतं हे त्यावरून कळत नाही, त्यासाठी रिपल (व्होल्टेजमधले बारीक चढउतार) मोजलेला रिव्ह्यू शोधा. वॉरंटी ५ वर्षांहून कमी असेल तर मी तरी हात लावत नाही.

आणि एक, हे मी स्वतः भोगलंय: जुन्या सप्लायची साटाची (हार्ड डिस्कला वीज देणारी) केबल नव्यात लावू नका. ड्राइव्हकडचं टोक सगळीकडे सारखंच, पण सप्लायकडच्या पिनांची रचना कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही, वेगळी असते. केबल बसली मस्त. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले आणि हार्ड डिस्क फोटोंसकट गेली. सेकंडहँड घेताय? सगळ्या मूळ केबल मिळत असतील तरच घ्या.