प्रोमध्ये चालतं, सर्व्हरवर मॉड्यूल सापडत नाही: आधी मॉड्यूल कोणत्या जातीचं ते बघा

प्रश्न असा आहे: तुमचं टूल नकाशावर काढलेली आकृती घेतं, ती निळ्या-लाल पूररेषेत कुठवर येते ते पाहतं आणि बाधित गट नंबरांची यादी देतं. आर्कजीआयएस प्रो या नकाशांच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये ते व्यवस्थित चालतं. इतरांनाही वापरता यावं म्हणून आर्कजीआयएस सर्व्हरवर वेब टूल (म्हणजे तिथली एक सर्व्हिस) म्हणून पब्लिशही विनातक्रार झालं. पण पहिल्याच वापराला सर्व्हर म्हणतो, मॉड्यूल (स्क्रिप्ट जिच्यातला कोड वापरते ती पायथन फाइल) सापडत नाही. टूलमध्ये तुम्ही स्वतः लिहिलेलं एक मॉड्यूल आहे आणि एक पिपने, म्हणजे पायथनच्या इन्स्टॉलरने, टाकलेलं. एरर या दोघांपैकी कुणाबद्दल आहे ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही, आणि उत्तर त्यावरच ठरतं.

पब्लिश करताना प्रो तुमची स्क्रिप्ट वाचतं. इम्पोर्टची ओळ दिसली की ते मॉड्यूल आधी स्क्रिप्टच्याच फोल्डरात शोधतं, मग पायथनपाथ या सिस्टिम व्हेरिएबलमधल्या फोल्डरांत, मग सिस.पाथ या पायथनच्या शोधयादीत जोडलेल्या फोल्डरांत. तुमची स्वतःची फाइल तिथे सापडली तर ती उचलून सर्व्हरवर नेली जाते, आणि तिच्यातले इम्पोर्टही याच पद्धतीने तपासले जातात. पिप किंवा कोंडा (तसाच दुसरा इन्स्टॉलर) यांनी टाकलेली मॉड्यूलं मात्र कुणी उचलत नाही. ती सर्व्हरवर आधीपासून आहेत असं धरलं जातं. त्यामुळे पब्लिश यशस्वी झालं याचा अर्थ टूल चालेल असा होत नाही.

माझा अंदाज, तुमचं पिपने टाकलेलं मॉड्यूल अडलंय. प्रोचं मूळ पायथन एन्व्हायर्न्मेंट (पायथन आणि त्यातली मॉड्यूलं यांचा संच) बदलता येत नाही, म्हणून तुम्ही त्याचा क्लोन, म्हणजे प्रत, केला असणार, आणि तो तुमच्या विंडोज लॉगिनच्या ॲपडेटा फोल्डरात जाऊन बसला असणार. सर्व्हर वेगळ्या खात्यावर चालतो, बहुतेक वेळा वेगळ्या मशीनवर. त्याचं पायथनही त्याचं स्वतःचं. तुमच्या घरातला डबा त्याला दिसणार कसा?

उपाय असा. सर्व्हरच्या मशीनवर सर्व्हरसोबत आलेल्या पायथन एन्व्हायर्न्मेंटचा क्लोन करा, आणि तो अशा फोल्डरात ठेवा जिथे सर्व्हरच्या खात्याला वाचायची परवानगी आहे. मॉड्यूल त्यात टाका. मग 'प्रोस्वॅप' ही कमांड वापरून तो क्लोन चालू करा, पण ती सर्व्हरच्या खात्यातूनच चालवा. इथेच बहुतेक जण चुकतात. ॲडमिन म्हणून लॉगिन करून प्रोस्वॅप केलं की ॲडमिनचं एन्व्हायर्न्मेंट बदलतं आणि सर्व्हर जिथल्या तिथे राहतो. शेवटी आर्कजीआयएस सर्व्हर रीस्टार्ट करा. तुमच्या आर्कजीआयएस सर्व्हरच्या साइटमध्ये एकाहून जास्त मशीन असतील तर हे प्रत्येक मशीनवर करावं लागतं, नाहीतर टूल कधी चालेल, कधी नाही, आणि तुम्ही नेटवर्कला शिव्या घालत बसाल. सर्व्हरची आवृत्ती वाढवलीत की क्लोन पुन्हा करायचा. कोणती मॉड्यूलं टाकली होती त्याची यादी म्हणून एका फाइलमध्ये ठेवाच.

(जुन्या मंडळींना आठवत असेल, प्रोच्या आधीच्या आर्कमॅप या सॉफ्टवेअरच्या काळात डेस्कटॉपचं पायथन २.७ हे ३२ बिटचं आणि सर्व्हरचं ६४ बिटचं होतं. एकात टाकायचं आणि दुसऱ्यात शोधायचं. आर्कजीआयएस सर्व्हरच्या ११.० आवृत्तीपासून सर्व्हरवर आर्कमॅपच्या सर्व्हिस चालतच नाहीत, तेव्हा ती कटकट संपली. तशी एखादी स्क्रिप्ट अजून उरली असेल तर तिला पायथन ३ मध्ये आणण्यावाचून गत्यंतर नाही.)

आता तुमचं स्वतःचं मॉड्यूल. ते एकाच टूलला लागत असेल तर स्क्रिप्टशेजारी ठेवा आणि प्रोला उचलू द्या. इम्पोर्ट साध्या ओळीत लिहा. नाव चालता चालता ठरवून इम्पोर्टलिब या पायथनच्या मॉड्यूलने बोलावलंत तर ते त्या तपासणीत दिसत नाही.

पण तेच मॉड्यूल अनेक सर्व्हिसना लागत असेल तर हा रस्ता धरू नका. मी धरला होता. पाच सर्व्हिस, गट नंबर तोडून वाचणारं मॉड्यूल एकच, आणि पब्लिश करताना त्याच्या पाच वेगवेगळ्या प्रती झालेल्या. '१२३/१/अ' असा गट आला की शेवटचा 'अ' गळायचा. घाई होती, म्हणून सर्व्हरवर एका सर्व्हिसच्या 'एक्स्ट्रॅक्टेड' फोल्डरात (पब्लिश केलेल्या फाइली जिथे उलगडून ठेवल्या जातात) शिरून मी थेट तिथली फाइल दुरुस्त केली. काही फरक पडेना. पायथनने मॉड्यूल एकदा वाचलं की ते प्रक्रियेच्या स्मृतीत राहतं, आणि सर्व्हिसच्या प्रक्रिया जिवंत होत्या. त्यातली एक मध्येच नव्याने सुरू झाली, तेव्हा तोच गट एका वेळी बरोबर आणि दुसऱ्या वेळी चूक येऊ लागला. रात्री प्रक्रिया ठरल्याप्रमाणे रिसायकल झाल्या, म्हणजे बंद होऊन नव्याने सुरू झाल्या, आणि सकाळी सगळं आपोआप बरं झालेलं! पुढच्या आठवड्यात एका सहकाऱ्याने नेहमीप्रमाणे ती सर्व्हिस ओव्हरराइट केली (प्रोमधून पुन्हा पब्लिश केली) आणि माझी दुरुस्ती पुसली गेली. इतर चार सर्व्हिसमध्ये तर ती कधी पोचलीच नव्हती.

तेव्हापासून सामाईक मॉड्यूल मी रीतसर पॅकेज म्हणून सर्व्हरच्या क्लोनमध्येच इन्स्टॉल करतो. टूलची स्क्रिप्ट वीस-तीस ओळींची: इनपुट घ्या, पॅकेजला द्या, निकाल परत करा. दुरुस्ती एकाच जागी होते, मग सर्व्हिस रीस्टार्ट. तुमच्याकडे पूररेषेचं टूल आज एकच आहे, पण उद्या कुणीतरी 'हेच रस्त्याच्या हद्दीसाठी पण द्या ना' म्हणणारच.

आणखी एक सापळा. पब्लिश करताना प्रो स्क्रिप्टमधल्या अवतरणातल्या मजकुराकडेही बघतं. तो एखाद्या असलेल्या फाइलचा किंवा फोल्डरचा पत्ता निघाला तर त्या जागी 'जी_ईएसआरआय_व्हेरिएबल_१' सारखं नाव घालतं आणि डेटा सोबत नेतं. सर्व्हरवर रजिस्टर केलेल्या फोल्डरातला डेटा असेल तर नेत नाही, नुसता पत्ता बदलतं. सोय चांगली आहे, पण स्क्रिप्टशेजारी 'आउटपुट' नावाचं फोल्डर असेल आणि तुमच्या डिक्शनरीतली एक कीसुद्धा 'आउटपुट' असेल, तर त्या कीच्या जागीही फोल्डरचा पत्ता येतो. फोल्डरांना असली घरगुती नावं देऊ नका. तसंच फोल्डर नेलं तरी त्याच्या आतली उपफोल्डरं नेली जात नाहीत.

हे सगळं करण्याआधी पाच मिनिटांचं निदान करा. सर्व्हिसची मेसेज पातळी 'इन्फो' करा, नाहीतर तुमचे संदेश बाहेर दिसतच नाहीत. स्क्रिप्टच्या सुरुवातीला, त्या दोन इम्पोर्टच्याही आधी, ॲडमेसेज या आर्कपायच्या फंक्शनने सिस.प्रिफिक्स (चालू पायथन एन्व्हायर्न्मेंटचा पत्ता) आणि सिस.पाथ छापा. चालू प्रोग्रामचा पत्ता सांगणाऱ्या सिस.एक्झिक्युटेबलवर विसंबू नका, प्रोमध्ये ते पायथनऐवजी प्रोच्याच एक्झीचं नाव सांगतं. सिस.प्रिफिक्समध्ये तुमच्या क्लोनचा पत्ता नसेल तर प्रोस्वॅप चुकलंय.

यादी सीएसव्हीत देत असाल तर फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहा, 'यूटीएफ-८-सिग'. नाही लिहिलं तर पायथन त्या मशीनची सेटिंग धरतं, आणि गावांची नावं देवनागरीत असतील तर मॉड्यूलचा प्रश्न सुटल्यावर पुढची एरर तिथेच येईल. 'सिग' एक्सेलसाठी, नाहीतर तलाठी कार्यालयात फाइल उघडली की नुसती चित्रविचित्र अक्षरं.

एररची पूर्ण ओळ आणि सिस.प्रिफिक्स इथे टाका, मग बघू.