वाचकांचे प्रश्न : प्राध्यापकाने गड चढावेत का?

प्रश्न : मी लातूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मराठी साहित्य शिकवतो आणि जवळजवळ प्रत्येक सुट्टीत गडकोट चढतो. हा वेळ ग्रंथालयात जायला हवा, असे सहकारी म्हणतात. आपले मत काय?

उत्तर : सर, सहकाऱ्यांचे म्हणणे मला पटत नाही. लेस्ली स्टीफन हे इंग्लंडमधील नामवंत साहित्यसमीक्षक होते आणि १८६१ मध्ये आल्प्समधील श्रेकहॉर्न या शिखरावर वाटाड्यांसह पहिली यशस्वी चढाई करणारेही तेच. पुढे ते अल्पाइन क्लबचे अध्यक्ष झाले. आपल्याकडे तर आद्यकवी मुकुंदराजांची समाधीच अंबाजोगाईजवळ बालाघाटच्या डोंगरात आहे, तेव्हा विद्यार्थ्यांना तेथे पायी नेऊन ओव्या वाचणे हा अभ्यासक्रमाचाच भाग मानावा.

काळजी मात्र अवश्य घ्यावी. उन्हाळ्यात मराठवाड्यातला काळा कातळ दुपारी हात टेकवत नाही इतका तापतो, म्हणून उजाडतानाच चढाई सुरू करून ऊन चढण्यापूर्वी खाली यावे. पावसाळ्यात त्याच कातळावर शेवाळ धरते. कड्याला आग्या मोहोळ दिसल्यास धूर, अत्तर आणि आरडाओरडा कटाक्षाने टाळून मुकाट्याने मागे फिरावे. कन्नड तालुक्यातील अंतूरसारख्या आडवाटेच्या किल्ल्यावर एकट्याने जाऊ नये, आणि निघण्यापूर्वी परतीची वेळ घरी सांगून ठेवावी.