बाकावरची जागा आणि समितीतली जागा

मूळ जालन्याच्या आणि सध्या इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे की, त्यांच्या गावातील जुन्या अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, चर्चमध्ये केरळ, नायजेरिया, फिलिपिन्स आणि हाँगकाँगहून आलेली कुटुंबे येऊ लागली आहेत, परंतु दोन-तीन महिन्यांत त्यांतली बरीचशी दिसेनाशी होतात. या कुटुंबांना चर्च आपले वाटावे म्हणून काय करता येईल, हे सुचवण्याचे काम पाळकांनी या भगिनींवर आणि त्यांच्या यजमानांवर सोपवले आहे. तर सुरुवात कोठून करावी?

भगिनी, सलाम. तुमच्या पत्रात दारापाशी हसतमुखाने उभी राहणारी माणसे आहेत, अनेक भाषांतला स्वागताचा फलक आहे आणि वर्षातून एकदा होणारा ‘देशोदेशीच्या पदार्थांचा’ रविवारही आहे. मात्र व्यासपीठावरून शास्त्रपाठ कोण वाचते, दानार्पणाचे पैसे कोण मोजते आणि चर्चच्या समितीत कोण बसते, याचा उल्लेख कोठेच नाही. माझ्या मते दुखणे तेथेच आहे. माणसाचा पाहुणचार कितीही झाला, तरी त्याच्याकडे काम आणि अधिकार आल्याशिवाय त्याचे परकेपण जात नाही.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय पाळकांसमोर जरूर ठेवा. यरुशलेमेच्या मंडळीत रोजच्या वाटणीच्या वेळी ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर उठली, तेव्हा प्रेषितांनी नुसते समजुतीचे शब्द सांगितले नाहीत, तर सात माणसे निवडून वाटणीचे काम त्यांच्या स्वाधीन करायला लावले. स्तेफनापासून पुढे त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कारभार दिला गेला. इंग्लंडमधील इतिहास याच्या नेमका उलट आहे. १९४८ साली ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने आणि त्यानंतर कॅरिबियन बेटांवरून आलेल्यांत जन्मापासूनचे अँग्लिकन पुष्कळ होते, तरीही अनेक चर्चमध्ये त्यांना थंड वागणूक मिळाली, आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या महासभेने त्याबद्दल क्षमा मागितली ती फेब्रुवारी २०२० मध्ये.

म्हणून पहिले काम अगदी कागदी आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या ठरलेल्या स्थानिक हद्दीत, मतदारयादी असते आणि वार्षिक सभेत मत देण्यासाठी तीत नाव असावे लागते. अर्जदाराचा बाप्तिस्मा झालेला असावा व वय किमान सोळा असावे. तुमचे घराणे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेली ही चर्च अँग्लिकन परिवारातली असल्यामुळे, तुम्ही पॅरिशच्या हद्दीत राहत असाल तर आजच अर्ज करू शकता. हद्दीबाहेर राहत असाल तर सहा महिने नियमित उपासनेला येत असावे लागते. इतर पंथांतून आलेल्यांनाही सहा महिन्यांच्या उपस्थितीनंतर, आपण चर्च ऑफ इंग्लंडचेही सभासद आहोत असे लिहून देऊन, नाव घालता येते. समितीवर निवडून येण्यासाठी प्रौढ व्यक्तीचे नाव यादीत किमान सहा महिने असावे लागते. वार्षिक सभा ३१ मेपर्यंत घ्यावी लागते आणि तिच्या काही दिवस आधी यादीत नवी नावे घेणे थांबते, त्यामुळे ज्याला येत्या सभेत उभे राहायचे आहे त्याने हिवाळा सुरू होण्यापूर्वीच अर्ज दिलेला बरा. हे नियम नव्या माणसाला कोणी आपण होऊन सांगत नाही. त्यात दुष्टपणा नसतो. जुन्यांना ते इतके अंगवळणी पडलेले असतात की सांगण्याजोगे वाटतच नाहीत. अर्जाचे कोरे कागद तुमच्या पिशवीत ठेवा आणि चहाच्या वेळी शेजारी बसून भरून घ्या. (अमेरिकेत, कॅनडात किंवा अन्य पंथांत नियम निराळे असतील, तरी सभासदत्वाची नोंद कशी होते हे वाचकांनी आपापल्या चर्चमध्ये विचारावे.)

दुसरी बाब बैठकीच्या वेळेची. समिती मंगळवारी सकाळी अकराला बसत असेल, तर रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात पाळीने काम करणारी केरळची वा फिलिपिन्सची परिचारिका तिथे कधीच पोहोचणार नाही, मग तिला कितीही आग्रहाचे निमंत्रण जावो.

लोक तुम्हाला ‘तुम्ही ख्रिस्ती केव्हा झालात?’ असे विचारतात आणि त्याचा त्रास होतो, हे मी समजू शकतो. रागावू नका, पण उत्तर पूर्ण द्या. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकातच जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली होती आणि १८७३ साली ते न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्स या प्रोटेस्टंट संघटनेच्या परिषदेलाही गेले होते. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मराठी मंडळीत काम करणारे रेव्हरंड रतनजी नवरोजी जन्माने पारशी होते. एवढे सांगितले की पुढचा प्रश्न सहसा अधिक शहाणा असतो. हाच प्रश्न नायजेरियाच्या कुटुंबालाही विचारला जातो, त्यामुळे स्वागत करणाऱ्यांना तो टाळायला पाळकांनीच सांगावे.

तुमच्या सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर येणार आहेत आणि त्यांना इंग्रजी येत नाही. त्यांना कोपऱ्यात खुर्ची देऊन, शाल पांघरून बसवू नका. रविवारचे शास्त्रपाठ गुरुवारी मागून घ्या, त्यांच्या मराठी पवित्र शास्त्रात खुणेच्या चिठ्ठ्या घाला आणि एखाद्या रविवारी त्यांनाच डोक्यावर पदर घेऊन मराठीत वाचू द्या. इंग्रजी मजकूर पडद्यावर राहील. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या एखाद्या भजनाचे ध्रुवपदही असेच घेता येईल. त्याचे बोल रोमन लिपीत आणि खाली अर्थ द्यावा, वाद्य वाजवणाऱ्याबरोबर आधी तालीम करावी, आणि ते कोणत्याही साध्या रविवारी गावे. खास दिवसासाठी राखून ठेवले की त्याचा कार्यक्रम होतो.

जेवणाचे थोडक्यात सांगतो. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, येसर आमटी खुशाल न्या, परंतु प्रत्येक भांड्यापुढे आत काय आहे याची चिठ्ठी असावी, विशेषतः बीफ, पोर्क आणि शेंगदाणे. आणि भांडी घासण्याच्या पाळीत इंग्रज पुरुषांचीही नावे असावीत.

शेवटी, मराठी कुटुंबांनी वेगळी उपासना सुरू करावी का, हा तुमचा प्रश्न. महिन्यातून एकदा दुपारी पेटी-तबल्यावर भजने म्हणायला एकत्र जमण्यात काहीच गैर नाही, फक्त सकाळची उपासना सोडू नका. एक सावधगिरी मात्र घ्या. आपल्याकडे जात ही चर्चच्या पायरीवर चपलांसारखी काढून ठेवली जात नाही, हे तुम्ही-आम्ही सोयरिकी जुळताना पाहिले आहे, आणि परदेशातल्या बैठकीतही ‘तुमचे मूळ गाव कोणते, आडनाव काय’ या चौकशीमागे पुष्कळदा तेच दडलेले असते. ती चौकशी तुमच्या बैठकीत होऊ देऊ नका. बैठकीची तारीख चर्चच्या कार्यक्रमपत्रकात सर्वांसाठी छापून द्या. कोणी मल्याळी किंवा नायजेरियन शेजारीण आली, तर भजनाचा अर्थ सांगायला कोणी तिच्याजवळ बसावे, हे आधीच ठरवून ठेवा.