नवरा सही करत नाही म्हणून ग्रीन कार्ड जातं का?

तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात परत मांडते म्हणजे काही चुकत असेल तर सांगता येईल. लग्न भारतात झालं, नवरा अमेरिकन सिटिझन, तुम्ही सीआर-१ (सिटिझनच्या नव्या जोडीदाराच्या) व्हिसावर न्यू जर्सीला आलात आणि दोन वर्षांचं कार्ड मिळालं, ते संपायला आता अडीच महिने उरलेत. चार महिन्यांपासून तुम्ही मैत्रिणीकडे राहताय, पासपोर्ट त्याच्या कपाटात, आणि तो म्हणतो की आय-७५१ फॉर्मवर मी सही करणार नाही, गुपचूप परत जा. त्यात सासूबाईंचा फोन, की इकडे भारतात ये, दोन महिन्यांत परस्पर संमतीने मोकळे व्हा. तुम्ही विचारलंय तिकीट काढू का.

नका काढू. निदान आत्ता तरी नका.

आधी ते सहीचं भूत उतरवू. १९८६ साली खोट्या लग्नांना आळा घालायला कायदा झाला, तेव्हापासून लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत रेसिडेन्सी मिळाली तर कार्ड सशर्त मिळतं आणि ती अट काढायला आय-७५१ भरावा लागतो. सगळं सुरळीत असेल तर दोघांनी मिळून भरायचा, कार्ड संपायच्या आधीच्या ९० दिवसांत. पण त्याच फॉर्मवर वेव्हरचे, म्हणजे जोडीदाराच्या सहीतून सूट मागण्याचे, रकाने आहेत, तिथे तुम्ही एकटीने भरता, त्याची सही लागतच नाही आणि ९० दिवसांची खिडकीही लागू नाही, आधी भरा नाहीतर नंतर भरा (नंतरवर विसंबू नका, कार्ड संपलं की नोकरीपासून लायसन्सपर्यंत सगळीकडे अडतं). तुमच्या कामाचे वेव्हर दोन, एक म्हणजे लग्न खरं होतं पण घटस्फोट झाला, आणि दुसरा म्हणजे लग्न खरं होतं पण नवऱ्याने मारहाण किंवा अतोनात छळ केला. दोन्हीवर खूण करता येते.

दुसऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय, 'हात कधी उगारला नाही, त्यामुळे ते मला लागू नसेल ना'. थांबा. पासपोर्ट काढून घेणं, बँकेचं कार्ड हातात न देणं, माहेरी फोन केला की स्पीकरवर ठेवायला लावणं आणि दर भांडणात 'डिपोर्ट करवीन' ही धमकी, हे सगळं तुम्ही दोन ओळींत उरकलंयत, मी त्यावर दोन पानं लिहायला सांगेन. छळ म्हणजे फक्त मार नव्हे. या वेव्हरचा मोठा फायदा असा की त्यासाठी घटस्फोटाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. आणि असा अर्ज केला की १९९६ च्या कायद्यानुसार तुमच्या फाइलमधली माहिती त्याला देता येत नाही, शिवाय 'लग्न खोटंच होतं' असं त्याने पत्र लिहिलं तर नुसत्या त्या पत्राच्या जोरावर तुमच्याविरुद्ध निर्णय देता येत नाही. धमकीचे मेसेज डिलीट करू नका, चीड येते माहीत आहे, तरी ठेवा.

आता घटस्फोट. सासूबाईंचं दोन महिन्यांचं गणित चुकलंय. हिंदू विवाह कायद्याच्या १३-ब खाली परस्पर संमतीचा अर्ज करायलाच आधी किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, तुमचे झालेत चार महिने, आणि अर्जानंतर आणखी सहा महिने थांबायचं असतं (हे सहा महिने कोर्ट माफ करू शकतं, सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तसं सांगितलंय, पण ती कोर्टाची मर्जी). तोवर तुम्ही भारतात, कार्ड संपलेलं, आय-७५१ भरलेला नाही. मग परत यायचं कशाच्या जोरावर? उलट न्यू जर्सीत दोघांपैकी एकाचं वर्षभर वास्तव्य असलं की घटस्फोटाचा अर्ज करता येतो आणि सहा महिने पटत नाहीये, आता जमणार नाही, एवढं कारण पुरतं. त्याला समन्स पोचल्यावर ३५ दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही दिलं तर त्याच्याशिवाय केस पुढे नेता येते. तिथल्या फॅमिली लॉच्या वकिलाला या आठवड्यात भेटा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, अमेरिकेतला घटस्फोट भारतात आपोआप चालतोच असं नाही, १९९१ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने त्यावर अटी आहेत, तेव्हा पुढे भारतात पुन्हा लग्नाचा विचार असेल तर तिकडच्या वकिलाचं मत घ्या. ग्रीन कार्डाला त्याने फरक पडत नाही.

निकाल यायच्या आधी फॉर्म पाठवायची वेळ आली तर? पाठवायचा, घटस्फोटाचा अर्ज दाखल झाल्याची कॉपी जोडून. मग बहुतेक वेळा डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूमनामा, मागणारं पत्र येतं, उत्तराला जास्तीत जास्त ८४ दिवस आणि वर टपालाचे ३. डिक्री वेळेत नाही आली तर नकार मिळू शकतो आणि प्रकरण इमिग्रेशन जजपुढे जातं, पण देशाबाहेर काढण्याचा अंतिम हुकूम झाल्याशिवाय तुमचं स्टेटस संपत नाही. म्हणूनच मला तुमच्या केसमध्ये छळाचा रकाना महत्त्वाचा वाटतो. फॉर्म पोचला की पावती येते, तिच्यावर कार्डाची मुदत ४८ महिन्यांनी वाढल्याचं लिहिलेलं असतं, जुनं कार्ड आणि ती पावती हेच मग तुमचं कार्ड. फी ७५० डॉलर, भरायच्या दिवशी इमिग्रेशन खात्याच्या (यूएससीआयएस) साइटवर पुन्हा बघून घ्या.

आता पुरावे, खरी मेहनत इथे. 'सगळे कागद त्याच्याकडे आहेत' असं तुम्ही म्हणता, पण सगळे नाहीत. जॉइंट टॅक्स रिटर्न भरला असेल तर त्याचा ट्रान्सक्रिप्ट आयआरएसकडून (तिथलं टॅक्स खातं) तुम्ही स्वतः काढू शकता, जॉइंट अकाउंटची स्टेटमेंट बँकेला तुम्हाला द्यावीच लागतात, लीजवर नाव असेल तर लीजिंग ऑफिस कॉपी देईल, आणि तो विसरलेला असतो अशा गोष्टी, म्हणजे डॉक्टरकडे इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून लिहिलेलं नाव, दोघांच्या नावावरचा फोन प्लॅन, एकत्र काढलेली विमानाची तिकिटं, हे सगळं मोलाचं. लग्नाचा चारशे फोटोंचा अल्बम पाठवू नका. हार घातलेले दहा फोटो पुरे, त्यापेक्षा लग्नानंतरचे साधे, निरनिराळ्या महिन्यांतले, इतर माणसं असलेले फोटो पाठवा. मराठीत असलेल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र जोडा.

तुम्हा दोघांना ओळखणाऱ्या किमान दोघांची प्रतिज्ञापत्रंही घ्या. तुमच्या मैत्रिणीने लिहिलेलं तुम्ही पाठवलंयत, 'दोघं आदर्श जोडपं होते, एकमेकांवर खूप प्रेम होतं'. असं वाक्य ऑफिसर दिवसातून वीसदा वाचत असेल, शिवाय आदर्श होते तर वेगळे का झाले हा प्रश्न तो विचारणारच. त्याऐवजी तिने लिहावं की त्या जानेवारीत हीटर बंद पडला तेव्हा दोघं दोन रात्री आमच्याकडे झोपले, तो सोफ्यावर घोरत होता आणि ही सकाळी त्याचा डबा भरत होती. तारीख, जागा, डोळ्यांनी पाहिलेलं. सोबत तिचं पूर्ण नाव, पत्ता, जन्मतारीख आणि तुम्हाला कशी ओळखते ते.

नणंदेने सुचवलेली आयडिया, त्याची सही आपणच मारायची आणि एकत्र राहतो असं दाखवायचं, तिचा विचारही नको. आज तुमचं लग्न खरं आहे, कागद खोटा करून ते खोटं ठरवून घ्याल, आणि लग्न खोटं असा शिक्का बसला की पुढे दुसऱ्या कोणीही तुमच्यासाठी पिटिशन केलं तरी मंजूर होत नाही.

आणि ज्या माणसाला सही द्यायची नाही त्याने एक सही आधीच दिलेली आहे. तुमच्या व्हिसासाठी आय-८६४ भरलाय ना, त्यात त्याने तुम्हाला सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांपर्यंत पोसायची हमी घेतलीय, आणि घटस्फोटाने ती हमी संपत नाही. तुम्ही सिटिझन झालात, कामाचे ४० क्वार्टर (तिमाह्या, साधारण दहा वर्षं) भरले, रेसिडेन्सी सोडून देश सोडलात किंवा दोघांपैकी कोणी वारलं तरच संपते. न्यू जर्सीच्या वकिलाला हे आवर्जून सांगा, फॅमिली लॉवाल्यांना बरेचदा माहीत नसतं.

सिटिझनच्या जोडीदाराला मिळणारा सिटिझनशिपचा तीन वर्षांचा शॉर्टकट एरवी घटस्फोटाने जातो आणि पाच वर्षं लागतात (छळाच्या वेव्हरवर अट निघाली तर तो राहू शकतो, वकिलाला विचारा), पण ती पहिल्या कार्डाच्या तारखेपासूनच मोजली जातात.

आज रात्री दोन कामं करा. एआर-११ फॉर्म ऑनलाइन भरून इमिग्रेशन खात्याला मैत्रिणीचा पत्ता कळवा, पत्ता बदलल्यावर १० दिवसांत कळवायचं असतं, तुम्हाला जवळजवळ चार महिने उशीर झालाय, आणि पत्र जुन्या घरी गेलं तर ते त्याच्याच हातात पडणार. दुसरं, कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून भावाला पाठवा. पासपोर्टसाठी एकट्या त्या घरी जाऊ नका, पोलिसांना सोबत येण्याची विनंती करता येते. फोनवर कोणाशी बोलावंसं वाटलं तर १-८००-७९९-७२३३ ही हॉटलाइन चोवीस तास चालू असते, आणि न्यू जर्सीत मानवी ही आपल्याकडच्या बायकांसाठी काम करणारी संस्था १९८५ पासून आहे, त्यांना हे सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. कार्डाचा फोटो आला की मलाही पाठवा, त्यावरची 'रेसिडेंट सिन्स'ची तारीख बघून नेमके दिवस मोजू.